कलाशिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे
विद्यापीठाच्या कला विभागात प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे?

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवेशासंबंधीची पत्रे वाढतात. संगीत, नृत्य किंवा नाट्य हा विषय घेऊन विद्यापीठात पदवी करावी का, तेथे नेमके काय शिकवतात आणि सोयी कशा ओळखाव्यात, असे प्रश्न त्यांत असतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी लहानपणापासून कथक शिकत असून तिला आता नृत्यातच बी.ए. करायचे आहे. आम्ही एका विद्यापीठाचा विभाग पाहून आलो. सभागृह भव्य आणि वातानुकूलित आहे, इमारतही नवी आहे. तरीही काय विचारायला हवे होते हे आम्हाला कळले नाही, असे घरी आल्यावर वाटत राहिले. — एक पालक, सातारा

उत्तर : सभागृह पाहिलेत हे चांगलेच झाले, परंतु आपल्या मुलीचे त्या सभागृहात वर्षभरात फार तर काही कार्यक्रम होतील. तिची खरी तीन-चार वर्षे तालमीच्या खोलीत जाणार आहेत, म्हणून पुन्हा गेलात तर आधी ती खोली उघडून दाखवायला सांगा.

तेथे सर्वप्रथम जमीन पाहावी. कथकचे तत्कार, चक्कर आणि परणा यांत पाय रोज हजारो वेळा जमिनीवर आपटतो. सिमेंटच्या कोब्यावर थेट बसवलेली फरशी किंवा ग्रॅनाइट त्या आघातातले काहीच शोषून घेत नाही आणि तो सगळा भार टाच, नडगी, गुडघा व कंबर यांवर येतो. चांगल्या नृत्यकक्षात लाकडी फळ्यांची जमीन असते, तिच्याखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि रबराच्या गाद्या असतात, मध्ये हवेची पोकळी राखलेली असते आणि त्यामुळे पाऊल पडताच जमीन किंचित दबून पुन्हा वर येते. टाच जोराने आपटून पाहिल्यास हा फरक कोणालाही जाणवतो. लाकडाला चकचकीत पॉलिश केलेले असेल तर तेही अनवाणी पायांसाठी घातक आहे. आरसे, पंखे, कपडे बदलण्याची बंदिस्त जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह या गोष्टी प्राथमिक वाटतात, पण दिवसाचे सहा-सात तास घाम गाळणाऱ्या मुलींसाठी त्या अभ्यासक्रमाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

दुसरा प्रश्न साथीचा. वर्गात तबलावादक प्रत्यक्ष बसतो का, लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) हार्मोनियमवर किंवा सारंगीवर कोणी धरते का, की सगळे मोबाइलमधल्या ॲपवर चालते? रियाजासाठी ॲपचा लेहरा उपयोगी आहे याबद्दल दुमत नाही. परंतु तो विद्यार्थिनीची चूक ऐकत नाही. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली नाही तर तबलावादक तिच्याकडे पाहतो, पुन्हा घ्यायला लावतो, कधी मुद्दाम लय किंचित चढवून तिची पकड तपासतो. पढंत (बोल तोंडाने म्हणणे) आणि तबला यांतला संवाद माणसांमध्येच शिकता येतो. विभागात पूर्णवेळ नेमलेले साथीदार किती आणि तासिका तत्त्वावर येणारे किती, हे अवश्य विचारा, कारण निधी कमी पडला की पहिली कात्री साथीदारांच्या मानधनाला लागते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट तासांचा हिशेब. सध्याच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत साधारणपणे १५ तासांचे व्याख्यान किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे १ श्रेयांक धरला जातो. म्हणजे ४ श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक विषयाला एका सत्रात १२० तास मिळायला हवेत आणि १५ आठवड्यांचे सत्र धरले तर ते आठवड्याला ८ तास होतात. विभागाचे वेळापत्रक मागून घ्या आणि हे ८ तास त्यात कोठे आहेत ते बोट ठेवून दाखवायला सांगा. वर्गात विद्यार्थिनी किती, खोल्या किती, संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी खोलीची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारा. ज्या विभागात किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती असते तेथे रियाज होतो. ज्या विभागात कार्यालय बंद झाले की खोली बंद होते तेथील विद्यार्थी वसतिगृहाच्या गच्चीवर नाचतात. गच्चीवर नाचण्याचे गुडघ्यांवर काय परिणाम होतात ते वर लिहिलेच आहे.

आता शिक्षणाच्या आशयाबद्दल. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले आणि त्याच्या नावापुढे 'गुरुकुल' हा शब्द आजही लिहिला जातो. गायन, वादन, कथक, भरतनाट्यम् आणि नाट्य हे विषय तेथे एका छताखाली आहेत. कथकच्या क्षेत्रात रोहिणी भाटे यांच्यासारख्या गुरूंनी तेथे अध्यापन केले. एका छताखाली या गोष्टीचे मोल मला फार वाटते. खासगी वर्गात मुलगी केवळ कथक शिकते. विद्यापीठात ती शेजारच्या वर्गात ठुमरीचे बोल कसे उलगडतात ते ऐकते, भरतनाट्यमचे अडवू (मूलभूत पदन्यास) आणि नट्टुवांगम (झांजांवर ताल धरून बोल म्हणणे) पाहते, नाट्याच्या मुलांसाठी प्रकाशयोजना कशी आखतात हे शिकते आणि तिच्या अभिनय अंगात त्याचा उपयोग होतो. आपण पाहून आलेल्या विभागात नृत्य, संगीत आणि नाट्य यांचे विद्यार्थी वर्षातून एखादी निर्मिती एकत्र करतात का, हे तेथील तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. त्यांच्याकडून मिळणारे उत्तर माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

प्रश्न : मी महाविद्यालयात तीन वर्षे एकांकिका केल्या, अभिनयाची पारितोषिके मिळाली. आता नाट्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते, पण मित्र म्हणतात की स्टेजवर जे शिकलास त्यापलीकडे तेथे काही नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी कशी करावी? — एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : एकांकिका स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या रंगभूमीला कितीतरी नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि त्याच्या तालमींतून गेलेल्या पिढ्यांची शिस्त आजही रंगभूमीवर ओळखू येते. म्हणून तुमचा अनुभव लहान मानण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धेची तालीम एका संहितेसाठी, एका तारखेसाठी आणि परीक्षकांसाठी असते. त्या घाईत नट आपल्या अंगभूत गुणांवर भर देतो आणि जे जमत नाही ते झाकून ठेवायला शिकतो. विद्यापीठातील शिक्षणाचा उपयोग तेथेच आहे, कारण जे जमत नाही त्याकडे दोन वर्षे रोज पाहण्याची सक्ती तेथे होते.

पहाटे किंवा सकाळी शारीरिक सरावाचा वर्ग असतो. त्यानंतर आवाज आणि वाणी. मराठवाड्यातून आलेल्या मुलांना 'शुद्ध बोला' एवढेच सांगून गप्प करणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि ते मला अत्यंत अन्यायकारक वाटते. तुमच्या बोलीचा हेल हे तुमचे भांडवल आहे. वाणीच्या शिक्षणाने ती बोली पुसली जाऊ नये, तिच्या जोडीला आणखी दोन-तीन बोली आणि प्रमाण भाषा यावी, श्वास पोटातून घेता यावा, घसा न ताणता शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा, एवढेच अपेक्षित आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे १९६८ ते १९८३ या काळात संचालक असलेले अशोक दा. रानडे यांनी आवाज जोपासण्याच्या शास्त्राकडे गायक आणि नट या दोघांचेही लक्ष वेधले. त्यांच्यानंतर तरी कोणत्याही विभागाने हा विषय आठवड्यातील एका तासापुरता ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याशिवाय नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी आणि रंगमंच व्यवस्थापन हे सगळे स्वतःच्या हातांनी करावे लागते. दिव्यांच्या बाबतीत विभागाकडे किती दिवे आहेत याहून विद्यार्थ्याला शिडीवर चढून ते लावू देतात का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नटाच्या चेहऱ्यावर सुमारे ४५ अंशांच्या कोनातून दोन बाजूंनी प्रकाश टाकला तर चेहरा कसा दिसतो, तोच दिवा थेट डोक्यावर आणला तर डोळ्यांच्या खोबणी कशा काळ्या पडतात, हे एकदा डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे साधन) हातात घेऊन पाहिले की पुढे आयुष्यभर नट आपला प्रकाश शोधून उभा राहतो. त्यासाठी मोठे नाट्यगृह लागत नाही. काळ्या रंगाची, खिडक्या झाकलेली, छताला लोखंडी पाइपांची जाळी असलेली आणि प्रेक्षकांची बैठक हवी तशी फिरवता येणारी मध्यम आकाराची खोली, जिला ब्लॅक बॉक्स म्हणतात, ती विद्यार्थ्यांना कमानीच्या रंगमंचापेक्षा अधिक शिकवते.

तुम्हाला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. मराठवाड्यातील ग्रामीण भागातून आलेल्या अनेक कलावंतांची पहिली शिस्तबद्ध तालीम तेथे झाली. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली आणि तेथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याच विद्यापीठात लोककला अकादमी आहे आणि तमाशा, गोंधळ, भारूड, लावणी यांकडे गंभीरपणे पाहायचे असेल तर तिचा विचार करावा. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी पदवी आणि किमान सहा नाट्यनिर्मितींतील सहभाग मागितला जातो. तुमच्या एकांकिकांची कात्रणे, माहितीपत्रके आणि प्रमाणपत्रे यासाठी जपून ठेवा.

प्रवेशपरीक्षेसाठी दोन परस्परविरोधी स्वभावांची स्वगते पाठ ठेवा, त्यांपैकी एक तुमच्या बोलीतले असू द्या. एक गाणे म्हणता यायला हवे, सुरेल नसले तरी लयीत. मुलाखतीत अलीकडे कोणते नाटक पाहिले, असे हमखास विचारतात आणि तेथे बहुतेक मुले कथानक सांगत बसतात. त्या नाटकातील एखादा प्रवेश कसा बसवला होता, पात्रे कोठे उभी होती, प्रकाश कधी बदलला, हे सांगता येईल अशा तयारीने नाटके पाहा.

प्रश्न : मी गुरूंकडे ख्यालगायकी शिकते आहे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. विद्यापीठात गेल्यास गुरू नाराज होतील अशी भीती वाटते. पदवीने गाणे सुधारते का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : केवळ पदवीने गाणे सुधारत नाही आणि कोणताही प्रामाणिक विभाग तसे आश्वासन देणार नाही. गाणे गुरूसमोर बसून आणि त्यानंतरच्या एकट्याच्या रियाजाने सुधारते. पण गुरू आणि वर्ग यांत वैर आहे, ही समजूत आपल्या इतिहासाशी जुळत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबख्श यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि पुढे तीच तेथील विद्यापीठाच्या संगीत शिक्षणाचा पाया ठरली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी ग्वाल्हेर आणि लखनौ येथील संगीत विद्यालयांना आकार दिला. ही सगळी मंडळी घराण्यांच्या विद्येचा आदर करणारी होती. तरीही ज्याच्या घरात गाणे नाही अशा मुलाला, आणि विशेषतः मुलीला, ते शिकता यावे म्हणून त्यांनी वर्ग उघडले. तुम्ही जी विशारद परीक्षा दिलीत तीही त्याच प्रयत्नांची देणगी आहे.

विद्यापीठाने तुम्हाला जे द्यायला हवे ते गुरूंच्या घरी सहसा मिळत नाही. वेगवेगळ्या घराण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय आणि ती ऐकण्यासाठी शांत खोली हवी. एकाच रागाची चार घराण्यांतील मांडणी लागोपाठ ऐकून लिहून काढण्याचा अभ्यास हवा. बंदिशींचे स्वरलेखन, ध्वनिशास्त्राची ओळख, संशोधनाची पद्धत आणि मंचावर ध्वनिवर्धकासमोर कसे गावे याचे शिक्षण हवे. आणि खरे तानपुरे हवेत. सांगलीकरांना हे सांगावे लागू नये, कारण मिरजेचे सतार आणि तानपुरे देशभर जातात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आणि त्यांचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरच्या पट्ट्यात पिकतो. असे असूनही कित्येक विभागांत तानपुरे गवसणीत पडून असतात, त्यांच्या तारा गंजलेल्या असतात आणि वर्ग इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालतो. तानपुरा जुळवणे, जव्हारीवर (घोडीच्या माथ्यावर) तारेखाली धागा सरकवून स्वर उघडणे, खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येईपर्यंत थांबणे, हे गाण्यापूर्वीचे काम दिसत असले तरी कानाची तालीम तेथेच होते. विभाग पाहायला गेलात की एक तानपुरा मागा आणि स्वतः जुळवून पाहा.

गुरूंना आधी विश्वासात घ्या. काही विद्यापीठांत बाहेरच्या गुरूंकडील तालमीला अभ्यासक्रमात स्थान आहे. तसे असेल तर गुरूंच्या नाराजीचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात संगीत आणि नाट्य यांचा विभाग सुरू होणार आहे. निधी मर्यादित आहे. व्यवस्थापनाचा आग्रह सभागृहासाठी आहे. प्राधान्य कशाला द्यावे? — एक प्राध्यापक, अमरावती

उत्तर : सभागृह पुढे ढकला. शहरात नाट्यगृह असते, ते प्रयोगापुरते भाड्याने मिळते. रोज लागणारी तालमीची जागा मात्र भाड्याने मिळत नाही.

पहिला खर्च माणसांवर करा : दोन तबलावादक, एक हार्मोनियमवादक आणि वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी वर्षाचा करार. दुसरा खर्च खोल्यांवर. एका मोठ्या दालनाऐवजी एक मध्यम दालन आणि तीन-चार लहान रियाजकक्ष बांधावेत, आणि त्या कक्षांच्या भिंती व दारे आवाज अडवतील अशी असावीत. शेजारच्या खोलीतील काळी चार पट्टीचा षड्ज या खोलीतील काळी एकच्या गाण्यात मिसळला तर दोघांचाही रियाज होत नाही. भिंती समांतर आणि गुळगुळीत असल्यास आवाज घुमतो, त्यासाठी जाड पडदे, पुस्तकांची कपाटे आणि सतरंज्या यांनीही बरेच काम भागते. तबला, पखवाज आणि तंतुवाद्ये यांचे कपाट भिंतीपासून दूर व कोरडे ठेवा. पावसाळ्यात ओल धरली की तबल्याची पुडी (वरचे चामडे) उतरते आणि भोपळ्याचा सांधा सुटतो. उलट विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकडाला तडे जातात, म्हणून थेट ऊन येणारी खोली वाद्यांसाठी देऊ नये.

नाट्यासाठी एक जुना वर्ग काळा रंगवून घ्या, छताला पाइप लावा आणि थोडेसे एलईडी दिवे व एक छोटा नियंत्रक घेऊन सुरुवात करा. मात्र पाइप किती वजन पेलतील हे अभियंत्याकडून तपासून लेखी घ्या, प्रत्येक दिव्याला पोलादी सुरक्षा-दोरी लावा आणि विजेची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. अग्निशामक साधने आणि बाहेर उघडणारी दोन दारे यांबाबत तडजोड नको. बंद खोलीत ढोल-ताशाची किंवा ध्वनिवर्धकाची तालीम दीर्घकाळ चालत असेल तर मुलांच्या कानांचीही काळजी घ्या, कारण ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास ऐकल्यास श्रवणशक्ती कायमची घटते.

व्यवस्थापनाला पटवताना आणखी एक सांगा : सभागृहाचे उद्घाटन एकदाच होते, साथीदारांचे मानधन मात्र दरमहा द्यावे लागते. अंदाजपत्रकात त्याची तरतूद पाच वर्षांसाठी लेखी करून घेतल्याशिवाय पहिल्या वर्षाचे प्रवेश देऊ नयेत. साथीशिवाय चालणाऱ्या विभागात आलेल्या मुलांची वर्षे कोणी परत देऊ शकत नाही.

प्रश्न : विद्यापीठात संगीत किंवा नाट्य शिकवण्यासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अनिवार्य आहे का? शिकत असताना एखादी शिष्यवृत्ती मिळते का? — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : साहाय्यक प्राध्यापक होण्याचा नेहमीचा मार्ग पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) हाच आहे. संगीत आणि सादरीकरणाच्या कलांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दुसरा मार्गही ठेवलेला आहे. पदवीधर असलेल्या आणि नामवंत गुरूंकडे शिकलेल्या व्यावसायिक कलावंताला आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा 'अ' दर्जा असल्यास त्याचा विचार होऊ शकतो. नाट्याच्या बाबतीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तत्सम संस्थेची प्रथम श्रेणीतील पदवी वा पदविका आणि मंचावरील पाच वर्षांची नावाजलेली कारकीर्द पुराव्यांसह दाखवावी लागते. ही वाट अधिक वापरात यायला हवी, कारण ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले आहेत असा माणूस विभागात असणे विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी असून ती दोन वर्षे, दरमहा ५,००० रुपये अशी मिळते. गुरूंकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. घरात १० ते १४ वर्षांचे मूल कला शिकत असेल तर सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची प्रतिभाशोध शिष्यवृत्ती पाहावी. दोन्हींसाठी गुरूंचे प्रमाणपत्र लागते आणि अर्जाची मुदत फार लांब नसते, तेव्हा जाहिरात येण्यापूर्वीच ते प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि सादरीकरणांचे पुरावे एकत्र करून ठेवा.